चवीला गुण द्यायचे कसे?

समोर तीन छोटे पेले होते. प्रत्येकावर तीन आकडी संख्या लिहिलेली : ४१७, ८३२ आणि २६५. खोलीत तांबडा दिवा होता, त्यामुळे पेल्यातल्या द्रवाचा रंग ओळखू येत नव्हता. दोन्ही बाजूंना लाकडी आडोसे होते. शेजारी बसलेल्याचा चेहराही दिसू नये, अशी ती व्यवस्था. समोरच्या कागदावर एकच प्रश्न छापलेला होता : 'या तीन नमुन्यांपैकी दोन सारखे आहेत. वेगळा कोणता?'

पंधराएक वर्षांपूर्वी मी पीएच.डी.नंतरच्या कामासाठी कोपनहेगनला होतो. तिथल्या एका प्रयोगशाळेला बिअर चाखणाऱ्यांचा नवा गट तयार करायचा होता, आणि आमच्या विभागातल्या सर्वांना पूर्वपरीक्षेसाठी बोलावले होते. मी तिन्ही पेल्यांतला एकेक घोट घेतला आणि ८३२ वर खूण केली. इतकेच नव्हे, तर खालच्या रिकाम्या जागेत 'हा जास्त कडू आहे' असे कारणही लिहिले. उत्तर चुकले होते. अशा सहा फेऱ्या झाल्या. माझी दोन उत्तरे बरोबर आली, चार चुकली आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तराखाली मी ठाम कारण लिहिलेले होते. तीन पेल्यांच्या चिठ्ठ्या टाकून डोळे मिटून एक उचलली असती, तरी सहा फेऱ्यांत सरासरीने दोनच उत्तरे बरोबर आली असती. म्हणजे माझी जीभ आणि चिठ्ठी यांत काही फरक दिसला नव्हता.

'चव ज्याची त्याची' असे आपण सहज म्हणतो. मग चवीला गुण देता येतील का? दिले तर त्या गुणांवर कोणी का विश्वास ठेवावा? या लेखात आपण हा प्रश्न बिअरच्या निमित्ताने पाहणार आहोत. शिक्षकांच्या मासिकात बिअर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. बिअरची शिफारस करण्याचा माझा हेतू नाही. अल्कोहोल हा कर्करोगाला कारणीभूत ठरणारा पदार्थ आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले आहे. पण बिअरच्या कारखान्यांनी विज्ञानाला बरेच काही दिले, हेही खरे आहे. आपण शाळेत शिकवतो ती पीएचची मोजपट्टी १९०९ साली सोरेनसन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. नायट्रोजन मोजण्याची केल्डालची पद्धत १८८३ साली याच प्रयोगशाळेतून आली. लाखो बाटल्यांची चव वर्षानुवर्षे एकसारखी ठेवायची, तर मोजमापाशिवाय गत्यंतर नव्हते. चव मोजण्याचे शास्त्रही बऱ्याच अंशी याच गरजेतून वाढले.

चार पदार्थ, अनेक चवी

बिअरमध्ये मूळ पदार्थ चारच : पाणी, सातू, हॉप्स आणि यीस्ट. सातूला मोड आणून ती वाळवतात, म्हणजे तिचा माल्ट होतो. आपण नाचणीचे सत्त्व करताना हेच करतो. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, ती स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. हा माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवला की गोड पाणी मिळते. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून ते उकळतात. थंड झाल्यावर यीस्ट घातले की साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतात.

या चारांतले काहीही बदलले की चव बदलते. माल्ट किती भाजला यावर रंग आणि करपट-गोड चव ठरते. भाजलेल्या सातूमुळे आयर्लंडची स्टाउट काळी होते आणि तिला कॉफीसारखी चव येते. पाण्याचेही तसेच. इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर, तिथे फिकट आणि कडवट एल चांगली होते. बोहेमियातल्या पिल्सेनचे पाणी अतिशय मृदू. तिथे १८४२ साली सोनेरी रंगाची पिल्स्नर तयार झाली. हॉप्समधली कडू आम्ले जिवाणूंची वाढ रोखतात, म्हणून इंग्लंडहून जहाजाने कलकत्ता-मुंबईकडे पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत. 'इंडिया पेल एल' हे नाव त्या व्यापारातून रूढ झाले.

सर्वांत मोठा फरक यीस्टचा. 'एल' प्रकारासाठी वापरतात ते यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला काम करते आणि फळांसारखे वास निर्माण करते. 'लागर' प्रकारातले यीस्ट ७ ते १३ अंशांच्या थंडीत सावकाश काम करते, त्यामुळे चव स्वच्छ आणि साधी राहते. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळे असते ना लवंग. आयसोअमाइल ॲसिटेट आणि ४-विनाइल ग्वायकॉल असे दोन रेणू यीस्टने बनवलेले असतात, त्यांचे हे काम.

यंत्राने मोजले तर?

हे सगळे रेणूच असतील, तर ते यंत्राने मोजावेत. माणसाला कशाला बसवायचे? काही गोष्टी खरोखरच अशा मोजतात. बिअरच्या कडूपणासाठी एक आंतरराष्ट्रीय एकक आहे. बिअरमधली कडू आम्ले आयसोऑक्टेन या द्रावकात ओढून घेतात, २७५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ती किती शोषतात ते पाहतात आणि त्या आकड्याला ५० ने गुणतात. एक एकक म्हणजे ढोबळमानाने लिटरमध्ये एक मिलिग्रॅम कडू आम्ल. हलक्या अमेरिकन लागरमध्ये ८ ते १२, चेक पिल्स्नरमध्ये ३० ते ४५ आणि अमेरिकेत आज बनणाऱ्या इंडिया पेल एलमध्ये ४० ते ७० एकके असतात.

पण कारल्याची भाजी आठवा. गूळ घातल्याने कारल्यातला कडू पदार्थ कमी होत नाही, भाजी मात्र कमी कडू लागते. बिअरमध्येही माल्टचा गोडवा जास्त असेल, तर ४० एककांची बिअर ३० एककांच्या बिअरपेक्षा सौम्य लागू शकते. यंत्र पदार्थ मोजते. चव तयार होते ती माणसाच्या मेंदूत.

शिवाय काही बाबतींत नाक यंत्राच्या तोडीचे असते. डायअसेटिल नावाचा एक रेणू आहे. ताज्या लोण्याचा जो ओळखीचा वास, त्यात याचा मोठा वाटा असतो. लागरमध्ये तो लिटरला सुमारे ०.१ मिलिग्रॅम असला तरी बऱ्याच जणांना जाणवतो. हिशेब करा : हे प्रमाण म्हणजे दहा हजार लिटरच्या पाण्याच्या टँकरमध्ये एक ग्रॅम. बिअरवर ऊन पडले की हॉप्समधली आम्ले तुटून एक गंधकयुक्त रेणू तयार होतो. त्याचा वास स्कंक या अमेरिकेतल्या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याची आठवण करून देतो. तो तर लिटरला काही नॅनोग्रॅम इतक्या प्रमाणातही ओळखता येतो. एक ग्रॅम पदार्थ अशा दहा हजार टँकरांत पसरला, तरी वास यायचा! बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच. ती काच हा बदल घडवणारा प्रकाश अडवते.

वर सगळीकडे मी 'वास' म्हणतो आहे, 'चव' नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. जिभेला कळतात त्या गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (म्हणजे डाळी, टोमॅटो, मांसाच्या रश्शात जाणवणारी रुचकर चव) एवढ्याच. बाकीचा सगळा खेळ नाकाचा. घोट गिळताना घशातून हवा वर नाकात जाते आणि तिच्याबरोबर वासाचे रेणूही जातात. म्हणून बिअर चाखणारे घोट थुंकून न टाकता थोडा गिळतात. हे पडताळायला बिअर नको. नाक चिमटीत धरून बडीशेप चावा. किंचित गोड लागेल, पण बडीशेप आहे हे कळणार नाही. चिमटी सोडली की एका क्षणात बडीशेप 'उमटते'.

जाता जाता आणखी एक गोष्ट. टोकाला गोड, मागे कडू, कडांना आंबट-खारट असा जिभेचा नकाशा अनेक पाठ्यपुस्तकांत छापला गेला आहे. हेनिग या जर्मन संशोधकाला १९०१ साली जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत लहानसे फरक आढळले होते. पुढच्या पुस्तकांत त्यांची आकृती अशी काढली गेली, की प्रत्येक चवीचा स्वतंत्र प्रांतच आहे असे वाटावे. १९७४ साली व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी हे पुन्हा तपासले. फरक निघाले, पण अगदी किरकोळ. जिभेच्या टोकालाही कडू कळते. कारल्याचा रस लावून पाहा.

डोळे आणि कान चाखतात तेव्हा

नाक इतके तल्लख आहे, तर मग मी चुकलो कसा? अडचण अशी, की मेंदू नाकाबरोबरच डोळ्यांचे आणि कानांचेही ऐकतो.

१९६४ साली अमेरिकेत ॲलिसन आणि ऊल या दोघांनी नेहमी बिअर पिणाऱ्यांच्या घरी बाटल्या पाठवल्या. आधी बिनलेबलाच्या, नंतर त्याच लेबल लावून. लेबल नसताना लोकांनी दिलेल्या गुणांत वेगवेगळ्या बिअरमध्ये विशेष फरक नव्हता. आपली आवडती बिअर कोणती हेही त्यांना ओळखता आले नाही. लेबल आल्याबरोबर गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त आपापल्या नेहमीच्या बिअरचे!

२००१ साली फ्रान्समध्ये बोर्दो येथे वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन वास नसलेल्या तांबड्या रंगाने रंगवूनही दिली. रंगवलेल्या वाइनचे वर्णन त्यांनी तांबड्या वाइनला वापरतात त्या शब्दांत केले.

तिसरा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मॅसॅच्युसेट्समधल्या ग्राहकांना दोन पेले दिले : एक साधी बिअर आणि दुसऱ्यात व्हिनेगरचे काही थेंब टाकलेली तीच बिअर. ज्यांना काहीच सांगितले नव्हते, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांनी व्हिनेगरवालीच पसंत केली. ज्यांना चाखण्याआधी सांगितले, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती आवडली. आणि ज्यांना चाखल्यानंतर पण मत देण्याआधी सांगितले? त्यांची उत्तरे जवळजवळ पहिल्या गटासारखीच आली. म्हणजे माहितीमुळे नुसते मत बदलत नाही, घोट तोंडात असतानाचा अनुभवच बदलतो. 'मी लेबलाकडे लक्ष देत नाही' असे प्रामाणिकपणे म्हणणारा माणूसही यातून सुटत नाही. त्याला उपाय एकच, लेबल दिसूच न देणे. तांबडा दिवा, आडोसे आणि तीन आकडी संख्या यांचे कारण आता कळले असेल. '१' आणि '२' किंवा 'अ' आणि 'ब' अशी नावेही देत नाहीत, कारण पहिला क्रमांक चांगला असतो ही समजूत आपल्या अंगात मुरलेली असते.

तीन पेल्यांचे गणित

माझ्यासमोर ठेवलेल्या चाचणीला त्रिकोण चाचणी म्हणतात. १९४० च्या दशकात ती डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्गच्या कारखान्यात वापरात आली. आज चहा, बिस्किटांपासून औषधी सरबतांपर्यंत जगभर ती वापरतात. तिची खुबी अशी, की 'कोणती चांगली?' हा वादाचा प्रश्न ती विचारतच नाही. 'फरक आहे का?' एवढेच विचारते. आणि या प्रश्नाला बरोबर उत्तर असते.

समजा, सहा जणांनी चाचणी दिली आणि चौघांची उत्तरे बरोबर आली. फरक आहे असे म्हणायचे का? निव्वळ अंदाजाने उत्तरे दिली असतील, तर प्रत्येकाची बरोबर येण्याची संभाव्यता एक तृतीयांश. सहा जणांच्या उत्तरांचे एकूण प्रकार ३ चा सहावा घात, म्हणजे ७२९. सहाही बरोबर येण्याचा प्रकार १. नेमके पाच बरोबर येण्याचे प्रकार : चुकणारा एक जण सहांपैकी कोणीही आणि तो दोन प्रकारे चुकू शकतो, म्हणून ६ × २ = १२. नेमके चार बरोबर : चुकणारी जोडी १५ प्रकारे निवडता येते आणि ते दोघे मिळून ४ प्रकारे चुकू शकतात, म्हणून १५ × ४ = ६०. तेव्हा चार किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता ७३ भागिले ७२९, म्हणजे १० टक्के. पाच किंवा अधिक बरोबर येण्याची १३ भागिले ७२९, म्हणजे १.८ टक्के.

विज्ञानात सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांची मर्यादा पाळतात. योगायोगाने असे घडण्याची संभाव्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तरच फरक मान्य करायचा. त्यामुळे सहांत चार पुरेसे नाहीत, पाच हवेत. बारा जण असतील तर ८, अठरा असतील तर १०, चोवीस असतील तर १३ आणि तीस असतील तर १५ बरोबर उत्तरे हवीत. गट मोठा होतो तसे लागणारे प्रमाण कमी होत जाते, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना स्वतः काढून पाहता येईल.

थोड्या नमुन्यांवरून किती ठामपणे बोलावे, हा प्रश्न बिअरच्याच एका कारखान्यात नेटाने हाताळला गेला. विल्यम गॉसेट हे ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकलेले गृहस्थ १८९९ साली डब्लिनच्या गिनेस कंपनीत रुजू झाले. सातू, माल्ट, हॉप्स यांची तपासणी करताना त्यांच्या हाती मोजकीच निरीक्षणे असत, आणि त्या काळचे संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी होते. १९०८ साली त्यांनी लहान नमुन्यांसाठी पद्धत प्रसिद्ध केली. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापू नये असा कंपनीचा नियम होता, म्हणून त्यांनी 'स्टुडंट' हे टोपणनाव घेतले. पदवीच्या वर्गात शिकवली जाणारी 'स्टुडंटची टी-चाचणी' ती हीच.

शब्द ठरवून घेणे

फरक आहे हे सिद्ध झाले. आता कोणता फरक, हे सांगायचे तर शब्द हवेत. एक जण 'लोण्यासारखा' म्हणतो, दुसरा 'टॉफीसारखा', तिसरा 'जड', आणि तिघेही डायअसेटिलबद्दलच बोलत असतात. म्हणून मॉर्टेन मेइलगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोप-अमेरिकेतल्या मद्यनिर्मिती संघटनांच्या वतीने १९७९ साली बिअरच्या चवींचे एक चक्र प्रसिद्ध केले. त्यात १४ वर्ग आणि ४४ शब्द आहेत. जमेल तिथे प्रत्येक शब्दाला एक ठरावीक पदार्थ जोडलेला आहे. 'हिरवे सफरचंद' म्हटले की ॲसिटाल्डिहाइड. 'उकडलेला मका' म्हटले की डायमिथाइल सल्फाइड. 'ओला पुठ्ठा' म्हटले की शिळ्या बिअरमधला नोनेनाल.

आमचे प्रशिक्षण याच गोष्टीचे होते. साध्या बिअरमध्ये एकेक पदार्थ मोजून टाकायचा, वास घ्यायचा, नाव पाठ करायचे. डायअसेटिल मला पहिल्याच दिवशी आले, कारण तो वास आईच्या ताक घुसळण्याचा होता. मका मात्र दोन आठवडे चुकत राहिला. महिनाभराने पुन्हा सहा फेऱ्या झाल्या, तेव्हा पाच उत्तरे बरोबर आली. जीभ-नाक तेच होते. मधल्या काळात फक्त शब्द आणि सराव यांची भर पडली होती.

पन्नासपैकी किती?

आता शेवटचा आणि अवघड टप्पा, गुण देण्याचा. अमेरिकेत १९८५ पासून घरगुती बिअरच्या स्पर्धांसाठी परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी एक व्यवस्था आहे. तिची गुणपत्रिका ५० गुणांची : वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५ आणि एकूण प्रभाव १०. रूपाला फक्त ३ गुण आहेत. डोळे किती फसवतात ते पाहिल्यावर हे योग्यच वाटते.

पण खरे महत्त्व आहे ते प्रकाराला. मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (गायक नव्हे, त्याचा नामबंधू) १९७७ साली जगातल्या बिअरचे प्रकार लावून दाखवणारे पुस्तक लिहिले, तेव्हापासून बिअर तिच्या प्रकारातच जोखण्याची पद्धत रुजली. लवंगेचा वास बव्हेरियन गव्हाच्या बिअरमध्ये हवाच. तोच पिल्स्नरमध्ये आला तर दोष. इंग्लिश एलमध्ये लोण्याची किंचित छटा चालते, जर्मन लागरमध्ये नाही. परीक्षकाला स्टाउट आवडत नसली, तरी समोरची स्टाउट 'स्टाउट म्हणून' कशी आहे हेच त्याने सांगायचे असते. स्वतःची आवड बाजूला ठेवता येईल असा निकष आधी लिहून ठेवलेला असतो. प्रत्येक परीक्षक आधी स्वतंत्रपणे गुण देतो आणि मगच चर्चा होते. गुणांत ७ पेक्षा जास्त अंतर असेल, तर पुन्हा चाखून ते कमी करतात.

एवढे करूनही परीक्षक डळमळतात. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. २००८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या श्रेणीत गुण देणारे परीक्षक होते सुमारे १० टक्के! यावरून गुण देणे व्यर्थ ठरत नाही. एका माणसाने एकदा दिलेल्या एका आकड्यावर किती भार टाकावा, याची मर्यादा मात्र त्यातून कळते.

वर्गात करून पाहा

त्रिकोण चाचणी वर्गात लिंबाच्या सरबताने छान होते. एकाच पाककृतीची दोन सरबते करा. 'क' मध्ये लिटरला ५० ग्रॅम साखर, 'ख' मध्ये ६० ग्रॅम. लिंबू, मीठ आणि तापमान सारखेच. प्रत्येकाला तीन छोटे पेले द्या. मांडणीचे सहा क्रम होतात : ककख, कखक, खकक, खखक, खकख, कखख. ते मुलांत सारखे वाटा. पेल्यांवर तीन आकडी संख्या घाला. त्यांची यादी अशा विद्यार्थ्याकडे ठेवा, जो सरबत वाटणार नाही, कारण वाटणाऱ्याचा चेहराही बोलतो. दोन घोटांच्या मध्ये पाण्याने चूळ भरायला सांगा. बोलणे बंद. उत्तर येत नसले तरी अंदाज लिहायलाच हवा, नाहीतर वरचे गणित लागू पडणार नाही. ज्यांना साखर वर्ज्य आहे, त्यांना नोंदी ठेवण्याचे काम द्या. फरक ओळखता आला, तर पुढच्या वेळी 'ख' मध्ये ५५ ग्रॅम साखर घ्या. कोणत्या फरकाला वर्गाची ओळख अंदाजाइतकी घसरते, ते शोधा. उत्तराखाली 'खात्री आहे / नाही' असाही रकाना ठेवा. खात्री असलेली उत्तरे खरोखर जास्त बरोबर येतात का, हे पाहताना मुले आपल्या खात्रीविषयी विचार करू लागतात.

कोपनहेगनहून घरी पत्र लिहिताना मी वडिलांना आडोशांची आणि तीन आकडी संख्यांची गंमत कळवली होती. ते माध्यमिक शाळेत मराठी शिकवत. त्यांच्या उत्तरातून मला एक गोष्ट नव्याने कळली. घरी पेपर तपासताना ते नावाचा कोपरा दुमडून ठेवत, हे मी लहानपणी रोज पाहिले होते. आधी सगळ्या गठ्ठ्यातला पहिला प्रश्न तपासत, मग गठ्ठा उलटसुलट करून दुसरा. कशात काय आले की किती गुण, हे एका चिठोऱ्यावर आधीच लिहिलेले असे. मला तो त्यांचा चिकटपणा वाटे. त्यांनी लिहिले होते : 'एका वर्षी एका हुशार मुलाचा आणि एका उनाड मुलाचा निबंध जवळजवळ सारखा होता. मी एकाला सोळा दिले होते, दुसऱ्याला अकरा. त्या उनाड मुलाने दोन्ही वह्या आणून माझ्यासमोर ठेवल्या. तेव्हापासून कोपरा दुमडतो.'